नोंद नाही, म्हणून घटना नाही?

शहापूर-मुरबाडच्या पावसात वीज जाते, येते आणि वसतिगृहाच्या संगणक कक्षातील जाळे कोलमडते. समजा, रात्री दोन वाजता देखरेख प्रणालीने इशारा दिला व कक्ष सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याने तो पडद्यावर पाहिला. परंतु सकाळी लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, त्याचा मागमूस नाही. मग विद्यार्थ्यास खोटे ठरवावे काय? इतिहासाचा शिक्षक म्हणून मी सांगेन, आधी नोंदवहीची उलटतपासणी करा.

पहिली तपासणी घड्याळाची. पुष्कळ यंत्रे जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंद करतात. भारतीय वेळ तिच्यापुढे 5 तास 30 मिनिटे असल्याने आपल्या रात्री दोनची नोंद आदल्या तारखेस 20:30 समोर सापडते. वीज जाऊन आल्यावर काही राउटरांचे घड्याळ थेट 1 जानेवारी 1970 वर जाते.

दुसरी पातळीची. सिसलॉग पद्धतीत 0 ते 7 अशा आठ पातळ्या असून 0 ही सर्वांत गंभीर. नोंदीची मर्यादा 3 ठेवली, तर 4 क्रमांकाचा इशारा दारातूनच परत जातो.

तिसरी वाटेची. संदेश बहुधा यूडीपीच्या 514 क्रमांकाच्या पोर्टवर जातो. तेथे पोच मिळत नाही. हरवलेल्याची खबर कोणालाच नसते. शिवाय तुटलेल्या जोडणीची वार्ता त्याच जोडणीवरून कशी जाणार? म्हणून नोंद प्रथम जागच्या जागी साठवावी, मग पुढे पाठवावी.

चौथी जागेची. डिस्क भरली किंवा मुदत संपून जुन्या नोंदी पुसल्या गेल्या, हेही पाहावे. अखेरीस चाचणीचा संदेश सोडून तो कोणत्या टप्प्यावर थांबतो ते शोधावे. एका वेळी एकच बदल करावा.

नोंद आणि वास्तव यांतील अंतर आपल्या समाजाने भोगले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्येच केला होता. तरीही चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह महाडच्या तळ्यापर्यंत चालत जावे लागले. तेथे नोंद होती, हक्क नव्हता. येथे घटना असेल, नोंद नसेल.

तथागतांनी कालामांना ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नका, असे बजावले. यंत्राची नोंदवही हाही ग्रंथच. ती तपासून होईपर्यंत त्या विद्यार्थ्याची साक्ष पुरावा म्हणूनच धरावी.