मिलिमीटर वाचून झाल्यावर

हे बघ, एंडोकार्डायटिसच्या पेशंटच्या एकोच्या रिपोर्टात ‘व्हेजिटेशन 12 मिलिमीटर’ एवढं वाचून फाइल मिटू नकोस. दहाच्या वर तुकडा सुटायचा धोका वाढतो, पंधराच्या वर आणखी, हे खरं. पण प्रोबचा कोन जरा हलला की लांबी बदलते, म्हणून क्लिप स्वतः लावून बघ. कुठल्या झडपेवर आहे, देठ बारीक आहे का, दर ठोक्याला पताकेसारखं फडफडतंय का. मायट्रलच्या पुढच्या पडद्यावर असेल तर जास्त जपायचं. छातीवरून नीट दिसत नसेल तर अन्ननलिकेतून एको करून घे, ‘उद्या बघू’ नको.

कल्चरमध्ये स्टॅफ ऑरियस आला की माझा तर जीव धास्तावतो. आधी एकदा तुकडा गेला असेल तर पुन्हा जायची भीती जास्त, आणि पेशंटला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो. मेंदूतला किंवा स्प्लीनमधला डाग मग एमआरआय-सीटीतच सापडतो. तरी विचार, ‘डाव्या बरगडीखाली कधी दुखलं होतं का?’ खालची पापणी ओढून बघ, नखं बघ, दोन्ही पायांच्या नाड्या रोज चाचप आणि लिहून ठेव. राउंडच्या घाईत हेच राहतं.

अँटिबायोटिक सुरू झालं की धोका भराभर उतरतो. वाईट ते पहिले दोन आठवडे, त्यातही सुरुवातीचे दिवस. तेव्हा कल्चरचं रक्त काढलं की डोस लगेच, आणि सर्जनना फोन त्याच संध्याकाळी. ‘दोन आठवडे औषध देऊन बघू’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण मोठ्या व्हेजिटेशनचा पेशंट हातचा जातो तो त्याच दोन आठवड्यांत. 2012 साली कोरियातली चाचणी छापून आली. मोठं व्हेजिटेशन, झडप पार बिघडलेली, असे 76 पेशंट. 48 तासांत ऑपरेशन झालेल्यांत सहा आठवड्यांत एकाचाही तुकडा सुटला नाही, नेहमीच्या पद्धतीने उपचार केलेल्यांत आठ जणांचा सुटला. आता ते पेशंट तसे धडधाकट होते. सत्तरीच्या मधुमेही आजींना तोच हिशेब लावू नकोस.

नातेवाईक म्हणतील, ‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्या ना.’ तेवढ्यासाठी नाही द्यायचं. अ‍ॅस्पिरिननेही तुकडे थांबत नाहीत.

आणि पुढच्या एकोत व्हेजिटेशन एकाएकी दिसेनासं झालं, तर लगेच खूश होऊ नकोस. आधी पेशंटला बोलतं कर, पोट चाचप, पायाच्या नाड्या बघ. गेलं कुठे ते शोध.