परिणामकारक सादरीकरण : स्लाइडच्या तळाशी राहिलेला आकडा

बंगळुरू येथील इस्रोच्या उपग्रह केंद्रात घडविलेला ‘मेटसॅट-१’ हा हवामान उपग्रह १२ सप्टेंबर २००२ रोजी अवकाशात झेपावला. पुढे ५ फेब्रुवारी २००३ रोजी त्याचे ‘कल्पना-१’ असे नामकरण झाले. त्याआधी चारच दिवस, १ फेब्रुवारीस, ‘कोलंबिया’ हे यान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंगले होते आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले होते. या दुर्घटनेच्या चौकशी अहवालात संगणकावर केलेल्या एका साध्या स्लाइडची चिकित्सा आढळते. सभेत, बँकेत वा ग्राहकापुढे सादरीकरण करण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांनी ती अवश्य जाणून घ्यावी.

उड्डाणाच्या वेळी बाह्य इंधनटाकीवरील उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून तो स्लाइडच्या रूपाने मांडला. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. पूर्वीच्या चाचण्यांवरून धोक्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्तच धरला गेला आहे, असा त्याचा सूर होता. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांचेही उपमुद्दे. अगदी तळाच्या ओळीत लहान अक्षरांत नोंद होती, की चाचणीतील तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा! ज्या चाचण्यांच्या आधारे दिलासा दिला, त्या या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या. शीर्षक वाचून पुढे सरकणाऱ्या अधिकाऱ्याच्या ते ध्यानात येणे कठीण होते. दुर्घटनेची कारणे अनेक होती; केवळ स्लाइडला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तथापि सविस्तर तांत्रिक टिपणांची जागा स्लाइडने घ्यावी, यावर चौकशी मंडळाने स्पष्ट नापसंती नोंदविली.

पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर १९८७ साली बाजारात आले. त्याच्या तयार साच्यात वर दोन-चार शब्दांचे शीर्षक आणि खाली ठिपके दिलेले मुद्दे अशी रचना असते. साचा भरला की काम झाल्यासारखे वाटते. मात्र कोणता मुद्दा मोठा नि कोणता किरकोळ, हे साचा ठरवू शकत नाही.

समजा, बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक नव्या यंत्रासाठी कर्ज मागण्यास बँकेत सादरीकरण करीत आहे. ‘मागणी व उत्पादनक्षमता’ या शीर्षकातून अधिकाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘दरमहा ४,००० नगांची मागणी आहे, आपण २,५००च पुरवू शकतो’ असे पूर्ण वाक्य शीर्षस्थानी लिहावे आणि खाली दोनच स्तंभांचा आलेख द्यावा. खरी कसोटी पुढेच आहे. या उद्योजकाची सत्तर टक्के विक्री एकाच ग्राहकाला होत असेल, तर ती गोष्ट कोठे लिहावी? शेवटच्या स्लाइडच्या कोपऱ्यात ती दडविण्याचा मोह होतो. अनुभवी अधिकारी ताळेबंद चाळताना ती शोधतोच, आणि मग उरलेल्या सगळ्याच आकड्यांकडे संशयाने पाहू लागतो. तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र स्लाइड ठेवावी आणि नवे ग्राहक मिळविण्याची योजना तेथेच सांगावी.

ताळेबंद, रोख-प्रवाहाचे तक्ते व यंत्राची दरपत्रके स्लाइडवर कोंबू नयेत. त्यांचे छापील टिपण आधीच हाती द्यावे. स्लाइड किती असाव्यात, याविषयी गाय कावासाकी यांचा १०-२०-३० हा नियम प्रसिद्ध आहे : दहा स्लाइड, वीस मिनिटे आणि तीस पॉइंटांहून लहान नसलेली अक्षरे. पहिले दोन आकडे प्रसंगानुसार बदलता येतील. तिसरा सहसा मोडू नये. रंग दोन-तीन पुरेत. गिरक्या घेत येणारी अक्षरे आणि टाळ्यांचे ध्वनी स्नेहसंमेलनासाठी राखून ठेवावेत.

मराठी वा कन्नड मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा; अन्यथा दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. सोबत पीडीएफ प्रत बाळगावी. चर्चा रंगली असता कळफलकावरील ‘बी’ हे इंग्रजी अक्षर दाबल्यास पडदा काळा होतो आणि श्रोत्यांचे लक्ष बोलणाऱ्याकडे वळते. तीच कळ पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. आदल्या दिवशी शेवटच्या रांगेतील खुर्चीवर बसून प्रत्येक स्लाइड एकदा वाचून पाहावी. तेथून जी ओळ वाचता येत नाही, ती काढून छापील टिपणात घालावी. आणि ती महत्त्वाची असेल, तर वर नेऊन शीर्षक करावी.