अंथरूण ओले होते तेव्हा



काही विद्यार्थी शिबिराला नाव देत नाहीत. चवथीला मूळ घरी चुलत भावंडांच्या रांगेत निजायला नको म्हणतात. कारण विचारले तर गप्प राहतात. अनेकदा ते कारण असते झोपेत अंथरूण ओले होण्याची भीती. म्हणून या विषयावर आम्ही मोकळेपणाने लिहीत आहोत.

हा आळस नव्हे, खोडीही नव्हे. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे १५ आणि दहा वर्षांच्या शंभरांत सुमारे ५ मुलांना हा त्रास असतो. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. काही मुलांत ते पुरेसे स्रवत नाही. काहींचे मूत्राशय रात्रभर लघवी धरून ठेवू शकत नाही आणि ते भरले तरी जाग येत नाही. आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलालाही होण्याचा संभव वाढतो. मारल्याने किंवा चारचौघांत लाजवल्याने यातले काहीच बदलत नाही.

घरी एवढे करावे :

१. पाणी सकाळपासून भरपूर द्यावे, झोपण्यापूर्वीच्या एक-दोन तासांत कमी. संध्याकाळी चहा व कोला टाळावा.

२. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि निजण्याआधी लघवीला पाठवावे.

३. पोट साफ राहील हे पाहावे. मळाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. नाचणी, चवळी, तांबडी भाजी, फळे आहारात असावीत.

४. कौतुक नियम पाळल्याचे करावे. कोरडी रात्र मुलाच्या हातात नसते.

तीळगूळ खाऊ म्हणून चांगला, पण तो यावरचे औषध नव्हे. देवाला गाऱ्हाणे जरूर घालावे, मात्र डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

लघवीला जळजळ, ताप, दिवसाही कपडे ओले होणे, किंवा सहा महिने कोरडे राहून त्रास पुन्हा सुरू होणे, असे काही दिसल्यास मुलाला आरोग्य केंद्रात दाखवावे. फार तहान लागून वजन घटत असेल तर त्याच दिवशी न्यावे, कारण तो मधुमेह असू शकतो. मोठ्या मुलांसाठी ओल लागताच वाजणारा गजरही मिळतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिने नेटाने वापरावा लागतो.

शाळेत लघवी दाबून ठेवण्याची सवयही बाधते. तासाला परवानगी मागणाऱ्या मुलाला अडवू नये, असे आम्ही सर्व शिक्षकांना सांगितले आहे. शिबिरापूर्वी वर्गशिक्षकांना विश्वासात घ्यावे. गोष्ट त्यांच्यापाशीच राहील आणि मूल शिबिराला येईल.