दोन चाकांची तिकिटे

टपालाचे तिकीट ही खरे पाहता एक पावती होय. पत्र पोचविण्याची मजुरी आगाऊ भरली आहे, एवढेच ते सांगते. ६ मे १८४० रोजी इंग्लंडमध्ये पहिले चिकट तिकीट वापरात आले, तेव्हा त्यावर केवळ राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा होता. पुढे निरनिराळ्या देशांनी तिकिटांवर पशुपक्षी, इमारती आणि वाहने यांची चित्रे छापली. त्यामुळे पावतीचे एवढेसे चिटोरे इतिहासाचे साधन बनले.

जगातील सगळी तिकिटे जमविणे कोणालाही शक्य नाही. म्हणून शहाणा संग्राहक एकच विषय निवडतो आणि त्याचा कसून अभ्यास करतो. भाईंदर पूर्व येथील स्टेशनाबाहेर सकाळी पाहिले, तर सायकली, स्कूटर आणि मोटारसायकली यांच्या लांबच लांब रांगा दिसतात. अशा गावातील विद्यार्थ्याला दुचाकी वाहनांची तिकिटे हा विषय सहज सुचण्याजोगा आहे.

या संग्रहाची मौज अमेरिकेच्या चार तिकिटांवरून ध्यानात येईल. त्या देशात तातडीची पत्रे स्वतंत्र जासुदाकरवी घरपोच देण्याची सोय होती. तिच्यासाठी १८८५ साली निघालेल्या तिकिटावर धावत जाणारा जासूद आहे. १९०२ च्या तिकिटावर तो सायकलवर बसलेला दिसतो. १९२२ च्या तिकिटावर त्याची मोटारसायकल उभी आहे आणि तो दारात पत्र देत आहे. १९२५ च्या तिकिटावर टपालाची मोटारगाडी आली! चाळीस वर्षांत माणसाचा वेग कसा वाढत गेला, हे ही चार तिकिटे ओळीने लावताच एका दृष्टिक्षेपात कळते.

परंतु सायकलीचे सर्वांत विलक्षण तिकीट दक्षिण आफ्रिकेतील आहे. १८९९ च्या ऑक्टोबरात बोअर सैन्याने माफेकिंग या इंग्रजांच्या गावाला वेढा घातला. तो २१७ दिवस टिकला. गावातील प्रौढ पुरुष तटबंदीवर गुंतल्यामुळे निरोप व पत्रे पोचविण्याचे काम शाळकरी मुलांच्या पथकाकडे आले. एप्रिल १९०० मध्ये गावातल्या गावात टपालासाठी एक पेनीचे तिकीट काढण्यात आले. छापखान्याची नेहमीची साधने नव्हती. म्हणून अभियंते त्या काळी आपले नकाशे ज्या निळ्या छायामुद्रणाने काढीत, त्याच रीतीने ते तयार केले. राणीच्या जागी त्यावर मुलांच्या पथकाचा नायक वॉर्नर गुडइयर सायकलवर बसलेला आहे. सायकलीचे चित्र असलेले हे तिकीट संग्राहकांत प्रसिद्ध आहे.

एवढे वाचून मन कौतुकाने भरून येते. तरीही खरा अभ्यासक येथे थांबत नाही. त्याच वेढ्यात अन्नाची टंचाई पडली, तेव्हा उपासमारीचा सर्वांत मोठा घाला गावातील कृष्णवर्णीय रहिवाशांवर पडला. गोऱ्यांच्या मानाने त्यांच्या वाट्याला फार थोडे अन्न आले. निळ्या तिकिटावर त्यांची खूणही नाही. मुलाचे शौर्य खोटे नव्हे. पण चित्रात जेवढे मावले, तेवढेच सत्य असते असेही नव्हे.

आपल्या देशातील तिकिटांनाही हाच प्रश्न विचारता येतो. १९३७ साली हिंदुस्थानात टपालाच्या वाहतुकीची एक मालिका निघाली. तिच्यात पायी धावणारा हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटारलॉरी आणि विमान अशी आठ चित्रे आहेत. सायकलीला मात्र त्यांत स्थान मिळाले नाही. पुढे ज्या सायकलीवरून पोस्टमन गावोगावी घरोघर फिरला, ती या मालिकेत नसावी, हे नवल नव्हे काय? म्हणून संग्राहकाने आपल्या वहीत या मालिकेशेजारी एक कोरी चौकट ठेवावी. ती चौकटही काही सांगते.

या छंदाला फार पैसे लागत नाहीत. जुन्या पाकिटावरील तिकीट कधीही ओढून काढू नये. पाकिटाचा तेवढा तुकडा कापून कोमट पाण्यात ठेवावा. गोंद सुटला की तिकीट टीपकागदावर पालथे वाळवावे. त्याच्या दंतुर कडा जपाव्यात, कारण एक दात तुटला तरी तिकिटाचे मोल उतरते. हाताळताना बोटांऐवजी चिमटा वापरावा. नवी तिकिटे हवी असतील, तर भाईंदरहून लोकलने मुंबईस जाऊन जनरल पोस्ट ऑफिसमधील तिकीटसंग्रह विभागात चौकशी करावी. सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना या छंदाची गोडी लागावी, म्हणून भारतीय टपाल खात्याने २०१७ साली वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्तीही सुरू केली.

प्रत्येक तिकिटाखाली देश, साल आणि किंमत लिहावी. त्यानंतर आणखी दोन ओळी लिहाव्यात : या चित्रात कोण आहे, आणि कोण राहून गेले? पहिल्या ओळीचे उत्तर तिकीट देते. दुसऱ्या ओळीसाठी ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. ती जो चढतो, त्याच्या वहीत तिकिटांबरोबर ज्ञानाचाही संग्रह होतो.