थरथरणाऱ्या नौकेचे निदान

वर्गातला छताचा पंखा कमी वेगात शांतपणे फिरतो, पण रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर नेला की दांड्यासकट डुलू लागतो, हे तुम्ही पाहिले असेल. बहुधा त्याचे एखादे पाते वाकलेले असते. आता असाच पंखा पाण्याखाली, दोन-तीन मीटर लांबीच्या पोलादी दंडाच्या टोकाला बसवला आहे अशी कल्पना करा. मोटर-यॉट पुढे ढकलणारा प्रोपेलर तो हाच.

हा दंड नौकेच्या तळातून बाहेर पडतो. त्या जागी पाणी आत येऊ नये म्हणून 'ग्लँड' बसवलेली असते. दंड सतत थरथरत राहिला तर ग्लँड आणि बेअरिंग झिजतात, पाणी आत झिरपू लागते; धातू थकून दंड तुटण्याचीही भीती असते. म्हणून या थरथरीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. परंतु पंखा तपासायचा तर नौका पाण्याबाहेर काढावी लागते आणि ते खर्चाचे काम आहे. नुसत्या अंदाजाने नौका वर काढावी आणि दोष इंजिनातच निघावा, असे झाले तर खर्च वाया जातो. तेव्हा आधी मोजावे आणि मग पाना हाती घ्यावा.

प्रत्येक भागाचा आकडा वेगळा

समजा, एका नौकेला दोन डिझेल इंजिने आहेत. प्रत्येक इंजिन चार धावांचे (फोर-स्ट्रोक) व सहा सिलिंडरांचे आहे. ते मिनिटाला 2,400 फेरे करते. गिअर बॉक्स हा वेग निम्मा करते आणि पंख्याला चार पाती आहेत. आता हिशेब करू.

इंजिनाची कंप्रता: 2,400 ÷ 60 = 40 हर्ट्झ.
दंडाची कंप्रता: 1,200 ÷ 60 = 20 हर्ट्झ.
पात्यांची कंप्रता: 20 × 4 = 80 हर्ट्झ.
इंजिनातील ज्वलनाची कंप्रता: 40 × 3 = 120 हर्ट्झ.

पाते तळाजवळून जाताना पाण्याच्या दाबाचा एक ठोका तळावर बसतो. दंडाच्या एका फेऱ्यात असे चार ठोके बसतात, म्हणून 80. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते. सहा सिलिंडर असल्याने एका फेऱ्यात तीन ज्वलने होतात, म्हणून 120.

20 आणि 40 हर्ट्झ मोजण्यास बऱ्याचशा मोबाइल फोनमधील त्वरणमापक पुरतो. मात्र 120 हर्ट्झ पकडायचे तर सेकंदाला 240 हून अधिक नोंदी घेणारे उपकरण हवे. का, ते वर्गात शिक्षकांशी बोलून ठरवा.

80 हर्ट्झचे कंपन जोरदार असेल तर पात्याचे टोक तळाच्या फार जवळून जात असावे, किंवा दंडाच्या आधार-कंसामुळे पंख्याकडे येणारे पाणी विस्कळीत होत असावे. 20 हर्ट्झचे कंपन मात्र 'फेऱ्यात एकदाच' घडणाऱ्या गोष्टीकडे बोट दाखवते: चार पात्यांपैकी एखादे वाकलेले किंवा तुटलेले, पंख्याला दोर गुंडाळलेला, अथवा दंडच वाकडा.

एक आकडा, दोन संशयित

येथे एक फसगत संभवते. समजा, एका सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक धक्का कमी पडेल. इंजिन सेकंदाला 40 फेरे करते, म्हणजे ही उणीव सेकंदाला 20 वेळा जाणवेल. दंडाचा आकडाही 20 च आहे! उपकरण 20 हर्ट्झ दाखवते म्हणून पंख्याला दोषी ठरवले, तर निरपराध्याला शिक्षा होईल.

यावर उपाय सोपा आहे. नौका धक्क्याला बांधून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि इंजिन त्याच वेगाने चालवावे. आता दंड स्थिर आहे. 20 हर्ट्झ तरीही उमटत असेल तर दोष इंजिनाकडे आहे. भार नसताना इंजिनाचा दोष सौम्य दिसतो, म्हणून क्षीण कंपनाचीही नोंद घ्यावी. त्यानंतर नौका एका वेळी एकाच इंजिनावर चालवून पाहावी. म्हणजे डावी बाजू की उजवी, हे कळते.

दोन पंखे एकत्र चालताना कधी घूंऽऽ... घूंऽऽ असा चढउतार ऐकू येतो. एक दंड मिनिटाला 1,200 आणि दुसरा 1,194 फेरे करीत असेल, तर पात्यांच्या कंप्रता 80 व 79.6 होतात. फरक 0.4, म्हणून दर अडीच सेकंदांनी एक चढउतार. हे तुमच्या पाठ्यपुस्तकातील विस्पंदच आहेत. दोन्ही वेग जुळवले की ते नाहीसे होतात. काही मोडलेले नसते.

वेग वाढवून पाहा

पात्याच्या टोकाचा 50 ग्रॅमचा तुकडा उडाला आणि तो दंडाच्या मध्यापासून 25 सेंटीमीटरवर होता असे समजू. समतोल बिघडल्याने निर्माण होणारे बल वस्तुमान × त्रिज्या × (कोनीय वेग)² इतके असते. मिनिटाला 600 फेऱ्यांना ते सुमारे 49 न्यूटन, म्हणजे 5 किलोग्रॅम वजनाइतके भरते. 1,200 फेऱ्यांना ते चौपट होऊन सुमारे 197 न्यूटन, म्हणजे 20 किलोग्रॅम वजनाइतके होते. त्याची दिशा सेकंदाला वीस वेळा गोल फिरते. मूठभरही नसलेल्या तुकड्याचा हा प्रताप!

इंजिनाचा वेग 200-200 फेऱ्यांनी वाढवत आलेख काढावा. कंपन वेगाबरोबर चढतच गेले तर असमतोलाचा संशय बळावतो. पण ते एखाद्याच वेगाच्या आसपास उसळून पुढे ओसरले, तर ते अनुस्पंदन होय: दंडाची, इंजिनाखालच्या रबरी बैठकीची किंवा तळाच्या एखाद्या भागाची नैसर्गिक कंप्रता तेथे जुळली आहे. समतोल साधून ते कमी होईल, पण मुळातून जाणार नाही. त्यासाठी बैठक अथवा आधार बदलावा लागतो.

दंड वाकडा की जोडणी तिरकी?

गिअर बॉक्स व दंड यांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्या असतात. बोल्ट सैल करून त्यांमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेजने मोजतात. मग फक्त दंडाची तबकडी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजतात. सर्वांत रुंद फट जागच्या जागी राहिली तर इंजिन आणि दंड एका रेषेत नाहीत. फट दंडाबरोबर फिरली तर दंड किंवा त्याची तबकडी वाकडी आहे. किती साधी, पण किती नेमकी कसोटी! ही मोजणी नौका पाण्यात असतानाच करतात, कारण जमिनीवर टेकवल्यावर तिचा सांगाडा किंचित आकार बदलतो.

पंख्याचे सगळेच दोष वाकल्या-तुटल्याचे नसतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या नौकेला 1894 साली एकच पंखा होता. तो इतक्या वेगाने फिरे की पात्यांवर दाब घटून पाण्यात वाफेच्या पोकळ्या बनत आणि अपेक्षित वेग मिळेना. पुढे तीन दंडांवर तीन-तीन असे नऊ पंखे बसवले गेले. 1897 मध्ये याच नौकेने 34 नॉटचा वेग गाठून सर्वांना थक्क केले.

करून पाहा

खेळण्यातल्या मोटरीच्या दांड्यावर पुठ्ठ्याची चकती बसवा. कडेला मातीची छोटी गोळी चिकटवून मोटर आधी एका आणि मग दोन सेलवर चालवा. चकतीपासून चेहरा दूर ठेवा. नंतर तेवढीच गोळी समोरच्या कडेला लावा. हाताला काय फरक जाणवतो?

विचार करा

इंजिनाचे 2,000 फेरे, गिअर 2.5 : 1 आणि पाच पाती असतील, तर दंडाची व पात्यांची कंप्रता काढा. एका सिलिंडरच्या दोषाचा आकडा आता दंडाच्या आकड्याशी जुळतो का? जुळत नसेल, तर या नौकेचे निदान अधिक सोपे का?