इंग्रजीतील कर्मणी रचना

‘द क्लार्क रोट द लेटर’ हे वाक्य कर्मणी करावयाचे झाल्यास पत्राला उद्देशाचे स्थान द्यावे लागते. नंतर ‘टु बी’चे काळानुरूप रूप आणि मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप येते : ‘द लेटर वॉज रिटन बाय द क्लार्क’. काळ बदलला तरी ‘रिटन’ बदलत नाही. अकर्मक क्रियापदांची अशी रचना होत नाही.

मराठी विद्यार्थी चुकतो तो निराळ्याच ठिकाणी. ‘कारकुनाने पत्र लिहिले’ हा मराठीत कर्मणी प्रयोग असला, तरी इंग्रजीत ते साधे कर्तरी वाक्य होय. ‘ने’ दिसताच ‘बाय’ लिहिण्याची सवय शिक्षकांनी वेळीच मोडावी.

कर्ता अज्ञात वा गौण असेल तेथे ‘बाय’चा भाग गाळतात. चोरीच्या वृत्तात हे योग्यच. पण ‘द वेल विल बी रिपेअर्ड’ या धर्तीवर ग्रामपंचायतीने ‘विहीर दुरुस्त करण्यात येईल’ असा ठराव केला, तर पुढील सभेत जाब कोणाला विचारावयाचा? तेथे ‘बांधकाम समिती ३१ मेपूर्वी विहीर दुरुस्त करील’ असेच लिहावयास हवे.