मोजकी हत्यारे आणि सुटे कपाट

1956 साली स्वीडनमधील आयकिया कंपनीच्या गिलिस लुंडग्रेन यांनी एक टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले. सपाट खोक्यातील सुट्या फर्निचरचा मोठा प्रसार या प्रसंगापासून झाला, असे सांगतात. असे कपाट घरी जोडणाऱ्याजवळ बहुधा पेचकस, हातोडी आणि खोक्यातील षट्कोनी चावी एवढीच हत्यारे असतात. ती पुरतात, मात्र क्रम पाळावा लागतो.

प्रथम सर्व भाग चादरीवर मांडून यादीशी ताडून पाहावेत. चौकटीचे स्क्रू आरंभी सैलच बसवावेत. एकच कोपरा पुरता आवळला, तर पुढची भोके समोरासमोर येत नाहीत.

यानंतर काटकोन तपासावयाचा. गुण्या नसल्यास सुतळीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. 90 सेंटिमीटर रुंद व 120 सेंटिमीटर उंच चौकट काटकोनात असेल, तर प्रत्येक कर्ण 150 सेंटिमीटर भरतो. एक कर्ण जास्त भरल्यास त्याच्या दोन टोकांवर आतल्या बाजूस हलका दाब द्यावा. कर्ण समान झाले की स्क्रू आवळून पाठीची पातळ फळी ठोकावी. ही फळी केवळ धूळ अडवीत नाही. तिच्यामुळे चौकट तिरकी होत नाही. भुशाच्या दाबीव फळीत स्क्रू प्रमाणाबाहेर पिळू नये. भोक मोठे होऊन पकड जाते.

शेवटचे काम पुष्कळदा राहून जाते. उंच कपाट भिंतीला जखडलेच पाहिजे. उघड्या खणांवर पाय देऊन मूल चढू लागले, की कपाट त्याच्यावर कोसळू शकते. भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र नसेल, तर ते शेजाऱ्याकडून मागून आणावे. तोवर कपाट वापरात आणू नये.